अर्धा सूर वर

चारशे दहा डॉलर. कॉफीच्या डब्यात,
नोटा रबरात, चिल्लर मोज्यात.
स्कूलबसच्या तीन हिवाळ्यांची शिल्लक;
त्यातूनच एकदा टायर गेले, एकदा दाढ.

नवा लाकडी पिकोलो मी पाहिला आहे
पिट्सबर्गच्या त्या दुकानात, काचेआड,
जिथे किमतीची चिठ्ठी पालथी ठेवतात.
मी उलटून पाहिली. परत पालथी ठेवली,
झोपलेल्या पोराचं पांघरूण सारखं करावं तशी.
विक्रेता म्हणाला, डोकं लाकडाचं,
बाकी अंग प्लास्टिकचं, असाही येतो, परवडणारा.
मी म्हटलं, अशी माणसं ओळखते मी.
तो हसला नाही.

मग स्क्रँटनबाहेर, गेलेल्या कुणा बाईच्या घरातली विक्री.
ताटल्या, शिलाई मशीन, बर्फातले बूट,
आणि चष्म्याच्या घरापेक्षा जराशी लांब एक पेटी.
आत कसरीनं खाल्लेलं जांभळं मखमल,
त्यात तो, दोन तुकड्यांत,
ज्येष्ठमधाच्या काडीसारखा काळा.
पंच्याऐंशी, तिचा भाचा म्हणाला.
ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?
मी पंचाहत्तर मोजले त्याच्या हातावर.
इतका स्वस्त का, एवढंच विचारायचं राहिलं.

ते दुशाननं सांगितलं, तळघरात, भिंग डोळ्याला लावून.
डोक्याला चीर, केसाएवढी. बूच वाळून खारीक.
गाद्या सगळ्या कुजलेल्या. दोनशे साठ होतील.
आणि ऑल्गा, हा डी-फ्लॅटचा आहे.
तू सी वाजवशील, लोकांना डी-फ्लॅट ऐकू येईल.
सगळ्या जगापेक्षा अर्धा सूर वर.
म्हणून पडून राहतात हे, कुणी घेत नाही.

मी म्हटलं, बाप खाणीतून बहिरा होऊन आला
तेव्हापासून आमच्या घरात
सगळे अर्धा सूर वरच बोलायचे.
तू चीर बुजव.

राहिले पंचाहत्तर.

पहिला महिना रोज पाचच मिनिटं, त्यानं बजावलं.
झोपेतून उठलेल्या लाकडाला
एकदम कामाला जुंपू नकोस, तडकेल.
हीटरजवळ ठेवू नकोस. वाजवलास की आतून पूस.
म्हणून सकाळच्या दोन फेऱ्यांच्या मधे,
रिकाम्या बसमध्ये, बत्तीस सीट समोर,
आधी काखेत धरून त्याला ऊब देते,
मग पाच मिनिटं. घड्याळ लावून.
आठव्या दिवशी तारेवरचा एक पक्षी
मान तिरकी करून उडून गेला.
एवढंच काय ते मत पडलं.

फायर ब्रिगेडच्या बँडची तालीम मंगळवारी.
पहिल्याच ओळीत बासऱ्या माझ्याकडे बघायला लागल्या,
जणू मी ताटलीत काही सांडलंय.
थडियसनं छडी खाली ठेवली.
तो भला माणूस आहे. म्हणाला, ऑल्गा, पुढच्या वर्षी बघू.
मग जरा थांबला, आणि पंपाच्या मागची ट्रंक ओढून काढली.
वर उंदरांच्या लेंड्या. खाली जुन्या मार्चेसचे कागद,
बिस्किटासारखे ठिसूळ,
आणि कोपऱ्यात छापलेलं: डी-फ्लॅट पिकोलो.

कुणाला नको म्हणून स्वस्त झालेला तो,
आणि वाजवायला कुणी नाही म्हणून बांधून ठेवलेले हे.

पानांवर पेन्सिल होती. व्ही. यूरिक, असं नाव.
इथे श्वास.
कंडक्टरकडे पाहू नको, तो घाई करतो.
(तो थडियसचा बाप. थडियस दोनदा वाचून गप्प राहिला.)
पुन्हा, इथे श्वास.
आणि एका पानाच्या तळाशी, किराणा: मैदा, खसखस, यीस्ट.

नाही, हा पिकोलो तिचा नव्हता.
तिचा कुठे गेला, कुणालाच आठवत नाही.

मी वाजवलं. बासऱ्यांनी माना वळवल्या नाहीत.
पण तिच्या खुणेपर्यंत माझा दम पुरला नाही,
दोन मात्रा आधीच तुटला.
मी थडियसकडे पेन्सिल मागितली
आणि तिच्या खुणेच्या अलीकडे,
न खोडता,
माझी केली.